अथेन्सला उजवी प्रदक्षिणा

“आवं, थांबा! देवळाला डावी घालून कुठं निगालासा?” आमच्या टूरमधल्या म्हसवडच्या मावशी अथेन्सच्या भर चौकात अशा कडाडल्या, की तिथली कबुतरं थेट तुर्कस्तानात जाऊन बसली.

टेकडीवरचं पडकं देऊळ डाव्या हाताला ठेवून गाईड आम्हाला बसकडे चालवत नेत होता. मावशींनी नऊवारीचा ओचा खोचला अन् एकट्याच उलट्या वाटेनं सुटल्या. विमानतळाची बस सुटायला आली होती. बाई हरवायची, म्हणून मीही मागं पळालो.

“मावशी, हा आपला देव नव्हे!”

“मग? परक्याचा हाय म्हणून डावलायचा व्हय?”

गल्ल्या तुडवत, दिसेल त्या दुकानदाराला “बरं हाय न्हवं?” विचारत त्यांनी प्रदक्षिणा पुरी केली. बस हलता हलता आम्ही चढलो.

“मावशी, रस्ता चुकलात ना?” गाईड घाम पुसत म्हणाला.

“आमी न्हाई. तुमी चुकलासा.”