अंक न घेणारी बाई

भुयारी रेल्वेच्या पायऱ्या जिथं रस्त्यावर येतात, तिथं डाव्या अंगाला नेटी गॅलोवे आणि उजव्या अंगाला शुग. नेटीच्या गळ्यात बिल्ला, हातात ‘लॅम्पपोस्ट’ साप्ताहिकाचे अंक. शुगच्या अंगात भगभगीत नारिंगी जाकीट, पुढ्यात फुकट पेपरची थप्पी. एक विकत, एक फुकट. सकाळी कामावर पळणारी ग्लासगोची माणसं आधी कुणाकडं हात करणार, हे काय सांगायला पाहिजे?

“घे म्हातारे, तू पन एक घे. फुकट हाय,” शुग रोज डिवचायचा.

“काय हाय त्यात? एका नटीचं लगीन आन् सोफ्याची जाहिरात.”

“सोफा तरी हाय. तुज्या अंकात त्योबी न्हाई.”

“घर नसलेल्यांचा अंक हाय त्यो, मुडद्या. सोफा ठिवायचा कुठं?”

नेटीलाही एकेकाळी घर होतं. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात तिची उभी हयात गेली. रक्ताच्या, पुवाच्या, कशाकशाच्या चादरी तिनं उकळल्या आणि पांढऱ्याफेक करून परत धाडल्या. नवरा, रॅब, दारू पिऊन पिऊन एक दिवस गेला, तेव्हा कळलं की भाड्याची जागा त्याच्या एकट्याच्या नावावर होती. घरमालकानं हळहळ व्यक्त केली आणि कुलूप बदललं. मग पेझलीला लेकीकडं. तिथं जावयानं एका सकाळी सासूची गादी गुंडाळून दाराशी उभी केली. तोंडातून शब्द काढला नाही बेट्यानं. शिवी दिली असती तर नेटीनं दोन परत दिल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. न बोलणाऱ्याला काय करायचं?

तिथून निवारा. निवाऱ्यातल्या दोघीतिघी सकाळी पांघरूण घेऊन पुलावर भीक मागायला बसायच्या. “चल की,” म्हणायच्या. नेटी गेली नाही. तिनं ‘लॅम्पपोस्ट’च्या कचेरीत जाऊन बिल्ला घेतला. अंक अर्ध्या किमतीत रोखीनं उचलायचे, रस्त्यावर पुऱ्या किमतीला विकायचे, आणि जो राहील तो आपल्याच बोडक्यावर. धंदा म्हणजे धंदा.

ह्या धंद्याचा एक कडक नियम होता. पैसे घेतले की अंक गेला पाहिजे. अंक न देता पैसे घेतले तर ती भीक, आणि भीक घेणाऱ्याचा बिल्ला जातो, बिल्ल्याबरोबर विकायला उभं राहायची जागाही जाते. म्हणून पुढ्यात टोपी नको, वाटी नको, पेला नको. बाकीचे विक्रेते ह्या नियमाला शिव्या घालायचे. नेटीला मात्र हा नियम म्हणजे आपल्याच मनातलं कुणीतरी लिहून काढल्यासारखा वाटायचा. एखादा नाणी टेकवून तसाच खाली उतरला तर ती पायऱ्यांवरून त्याच्यामागं धावायची. “ओ दादा! पैसं दिलं, माल न्या की! मी काय देवळाची पेटी हाय व्हय?”

तिची गिऱ्हाइकं ठरलेली. भुयारी रेल्वेची गाडी चालवणारा एक डुगल होता, तो अंक घेऊन पहिल्यांदा मागचं शब्दकोडं उघडायचा आणि जाता जाता एक शब्द नेटीला विचारायचा. तिला कधी यायचा, कधी नाही. पण विचारायचा.

आणि एक होत्या मिस लॉकहार्ट.

बाई विद्यापीठात मोठ्या जागेवर. हिरवी लोकरी शाल, लोण्यासारखं बोलणं. आधी शुगकडून फुकट पेपर घ्यायच्या, काखेत मारायच्या, मग नेटीकडं वळून तिच्या तळहातावर एक पौंड ठेवायच्या आणि वरून हात दाबायच्या. “अंक राहू द्या तुमच्याकडेच. दुसऱ्या कुणाला तरी विका.”

अंकाची किंमत तीन पौंड. एका पौंडात बाईंना पुण्य मिळायचं, ते पण अंकाचं ओझं न उचलता. नेटीनं काय काय करून बघितलं! अंक त्यांच्या पिशवीत कोंबला, तर बाईंनी तो काढून हळूच थप्पीवर ठेवला. हात मागं घेतला, तर नाणं कोटाच्या खिशात टाकलं. एकदा तर ती अंगावर ओरडली, “न्हाई पायजे मला तुमचा पौंड!” तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. “किती स्वाभिमानी आहात हो तुम्ही!” म्हणाल्या, आणि पौंड ठेवून गेल्या.

अशात एकदा कचेरीचा तपासनीस, फर्गस, ह्याच्या नजरेला हे पडलं होतं. चांगला पोरगा, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की घाम फुटायचा त्याला. तेव्हा त्यानं ताकीद देऊन सोडलं. पुन्हा दिसलं तर बिल्ला जमा, असं बजावलं.

मग तो गुरुवार आला. नदीवरून असला वारा सुटला होता की नेटीला बोटं आपली वाटेनात. बेकरीवालीनं कागदी पेल्यात चहा आणून दिला. नेटीनं अंक काखेत धरले, पेला दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून वाफ तोंडावर घेत उभी राहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी आलं आणि चहात डुबुक झालं.

गरम चहा तिच्या मनगटावर उडाला. मिस लॉकहार्ट हसून, मान हलवून पायऱ्या उतरत होत्या.

शुग पोट धरून वाकला. “म्हातारे, साखर पडली गं चहात!”

“थोबाड फोडीन तुजं!” नेटी ओरडली आणि तिनं मान वर केली, तर रस्त्यापलीकडून फर्गस येत होता. त्यानं पेला बघितला होता. नाणं पडताना बघितलं होतं. अंक नेटीच्या काखेतच होते.

“नेटीबाई, पेला कशाला धरलात?”

“चहा हाय रं त्यात! वास घे, आंधळ्या!”

त्यानं वाकून आत बघितलं. “नाणंपण आहे.”

“मी टाकलं व्हय ते? ह्या शुग्याला इचार. त्यानं बघितलंय समदं.”

फर्गसनं शुगकडं बघितलं. शुग एकदम पेपरची थप्पी सारखी करायला लागला. “मी काय... मी पेपर वाटत हुतो,” म्हणाला.

बिल्ला गळ्यातून निघाला. सोमवारी कचेरीत सुनावणी.

शुक्रवारी नेटीनं मिस लॉकहार्टना पायऱ्यांवरच अडवलं. बाईंना मनापासून वाईट वाटलं. “छे, छे, हा शुद्ध अन्याय आहे! मी येते ना. मी सगळं खरं खरं सांगते.” त्या शब्दावर नेटीनं तीन दिवस काढले.

सोमवारी बाई आल्या. ठरल्या वेळेच्या आधी आल्या, हे कबूल करायला पाहिजे. टेबलाच्या पलीकडं फर्गस, अलीकडं दोघी.

“ह्यांना ओळखता?” फर्गसनं विचारलं.

“म्हणजे काय! ह्या आपल्या... ह्या स्टेशनवरच्या बाई.”

“नाव?”

मिस लॉकहार्ट नुसत्याच गोड हसल्या. फर्गस पुढं सरकला. “त्यांनी पैसे मागितले का?”

“कधीच नाही! मीच देते. गेली कितीतरी वर्षं, दर आठवड्याला. आणि अगदी शपथेवर सांगते, एकही अंक मी आजवर घेतलेला नाही. एकही नाही! गरिबाचा माल आपण कशाला उचलायचा?”

फर्गसनं पेन खाली ठेवलं. नेटीच्या लक्षात आलं, फर्गसच्याही आलं. फक्त बाईंच्या आलं नाही. त्या आशेनं एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरीसारख्या.

“झालं?” नेटी उठली. “झालं समाधान? अवो, गळा कापला माजा, आन् वर इचारताय दुखतंय का! एक दिस, एकच दिस त्यो अंक उचलला असता तर काय हात झडलं असतं? फुकटचा पेपर काखंत माराय जमतं, माजा अंक जड हुतो? मी जन्मभर दुसऱ्याची घाण धुतली बाई, भीक न्हाई मागितली. तुमी मला बसल्या बसल्या भिकारी केलं!”

“पण मी तर मदत...”

“मदत! कुत्र्याला बिस्कूट टाकताना तरी त्याचं नाव घेत्यात मानसं!”

“नेटीबाई, शांत व्हा,” फर्गस म्हणाला. “मला समजतंय. पण नियम मी केलेला नाही. बिल्ला महिनाभर जमा. जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.”

“तुला समजतंय ना? मग लिव की तसं. समजतंय पन लिवता येत न्हाई, असं लिव.”

त्यानं ते लिहिलं नाही.

बाहेर फरसबंदीवर मिस लॉकहार्ट मागून धावत आल्या. पाकीट उघडलेलं. “मी आता घेते ना अंक. हवे तर सगळे घेते. किती झाले?”

“इकता येत न्हाई मला. बिल्ला न्हाई माज्याकडं.”

“मग असेच ठेवा,” बाई म्हणाल्या, आणि वीस पौंडांची नोट पुढं केली.

नेटीनं त्या नोटेकडं बघितलं. वीस पौंडांत तिच्या आताच्या भाड्याच्या खोलीतला गॅस आठवडाभर जळला असता, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती वळली आणि चालू लागली.

मंगळवारी सकाळी ती जागेवर हजर. गळ्यात बिल्ला नाही, हातात अंक नाही, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

“काय म्हातारे, हितं काय करतीस?” शुगनं चाचरत विचारलं.

“उभी हाय. रस्त्यावर उभं ऱ्हायाला कुनाचा बिल्ला लागत न्हाई.”

डुगल आला, सवयीनं तीन नाणी पुढं केली. “अंक?”

“न्हाई. नाणी खिशात घाला. ‘लॅम्पपोस्ट’च्या हापिसात जावा आन् इचारा, नेटी गॅलोवेची जागा का काढली म्हनून. मोठ्यानं इचारा. तुमचं समद्या डायवरांचं टोळकं घिऊन जावा.”

डुगलनं नाणी खिशात घातली. “दुपारी सुटलो की जातो,” म्हणाला. तो असा माणूस होता की जाईल.

तो गेल्यावर नेटी शुगकडं वळली. “तू बघितलं हुतंस. त्या दिशी का न्हाई बोललास?”

शुगनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. “भांडणात पडलो तर माजं जाकीट काढून घितील ना गं. पोरं हायत मला.”

नेटीला त्याचा राग यायला पाहिजे होता, तसा आलाही. पण तो कुणावर काढायचा हे ठरवायला तिला सवड नव्हती. पायऱ्यांवरून माणसांचा लोंढा वर येत होता. तिनं शुगकडं पाठ केली, दोन पावलं पुढं झाली आणि पहिल्याच माणसाला हटकलं. “ओ ताई, जरा थांबा. अंक न्हाई माज्याकडं, पन एक काम हाय तुमच्याकडं.”