उर्दूचं काम आलं की धास्ती

सीमाभागातल्या आमच्या शहरात, खडेबाजारात बारा वर्षं डिझाइनचं काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच येऊन चिकटतात. आमच्या छपाईच्या दुकानात मराठी, कन्नड, इंग्लिश सगळं चालतं. पण माझे किस्से सगळे उर्दूचे! ती उजवीकडून डावीकडं लिहितात, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

पहिलं काम लग्नपत्रिकेचं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर उचलला, सॉफ्टवेअरमध्ये टाकला. अक्षरं सुटी सुटी, ऐटीत उभी राहिली. मला वाटलं, काय सुंदर फॉन्ट आहे! प्रूफ बघून नवरीच्या वडिलांनी कागद माझ्याकडं फिरवला. उर्दूत अक्षरं एकमेकांना जोडून येतात. इथं ती तुटून, वर उलट्या क्रमानं बसली होती.

"आक्का," ते म्हणाले, "पोरीचं लग्न जोडायला गेलतो, तुम्ही तिचं नावच तोडलंसा की!"

मग उजवीकडून डावीकडं नेणारं बटण सापडलं. आनंदाच्या भरात अख्खं पान सिलेक्ट करून दाबलं. खालचा मराठी मजकूरही उजवीकडं सरकला आणि ओळीच्या शेवटचा पूर्णविराम उडी मारून ओळीच्या सुरुवातीला येऊन बसला!

आमचे मालक आप्पा मूळचे बोरगावचे. त्यांनी चष्मा वर केला. "काय गं हे? बोलायच्या आधीच संपलं व्हय?"

त्यानंतर एका बिर्याणीवाल्याचं कार्ड. ह्या वेळी अक्षरं दहादा तपासून घेतली, आकडे कोण बघतंय! उर्दूच्या ओळीत फोन नंबरच्या दोन तुकड्यांनी जागा बदलली होती. कार्डं वाटून झाली आणि तिसऱ्या दिवशी निपाणीहून एका व्यापाऱ्याचा फोन. कुणाकडून तरी आमचा नंबर शोधून काढलेला.

"अहो बाई, मी जैन हाय! सकाळधरनं लोक माझ्याकडं बिर्याणी मागायलेत!"

आठवडाभर फोन वाजला की मी दचकायची.

आणि मग इरफानभाई आले. आईच्या कबरीचा दगड करायचा होता. जवळच्या काकतीत कारागीर नाव कोरायला थांबलेला. कागद चुकला तर परत छापता येतो, दगडाचं काय करायचं? त्यांनी सांगितलेलं नाव मी कॉम्प्युटरकडून उर्दूत करून घेतलं, उजवी कड धरून जुळवलं आणि प्रिंट त्यांच्यापुढं ठेवली.

"नीट वाचून बघा भाई. मला येत न्हाय."

ते बघत राहिले. "मला बी येत न्हाय, आक्का. मी कन्नड शाळेत शिकलो. घरात उर्दू यायची ती अम्मीलाच."

मग ते उठून घरी गेले आणि अम्मीची शिवणाची वही घेऊन आले. आत बायकांच्या ब्लाउजची मापं, कव्हरवर तिनंच लिहिलेलं तिचं नाव. मी ते स्कॅन केलं आणि एकेक वळण माऊसनं गिरवलं. दोन तास लागले.

नवी प्रिंट वहीशेजारी ठेवली. इरफानभाईंनी दोन्ही नावांवरून हळूच बोट फिरवलं.

"द्या पाठवून," ते म्हणाले. "आता चुकलंच तर तिचं चुकंल."