निळ्या टाक्याचे गाऊन

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईच्या यंत्रांपलीकडे एक खोली होती आणि तिच्यात एक शिंपी बसत असे. वर आठ मजले होते. त्यांतल्या कुणालाही तो ठाऊक नव्हता, याचा पुरावा म्हणजे त्याला तिथे बावीस वर्षं झाली होती. धुलाईवाले त्याला मास्तर म्हणत. बायको काही म्हणत नसे, 'अहो'वर भागत असे.

काम साधं होतं. पेशंटचे फाटके गाऊन धुऊन आले की शिवायचे, बंद तुटले असतील तर नवे लावायचे, घडी घालून वर पाठवायचे. नमुन्याप्रमाणे गाऊनला मागच्या बाजूला तीन बंद. मास्तर चार लावत. चौथा कमरेच्या खाली. शिवाय मानेजवळचा बंद ते जरा बाजूला घेत, म्हणजे उताणं निजल्यावर गाठ टोचत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फार पूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा एक हात सलाईनला आणि दुसऱ्या हाताने मागून गाऊन धरून ते अख्खा व्हरांडा चालले होते. माणूस आजारी पडला म्हणून त्याची पाठ काही सार्वजनिक होत नाही, असं त्यांचं तेव्हापासूनचं मत होतं.

दोरा मात्र निळा होता. भांडाराच्या मागणीपत्रात पांढऱ्याच्या जागी खालच्या ओळीतला नंबर पडला आणि गडद निळ्या रिळांच्या पेट्याच्या पेट्या आल्या. परत पाठवायच्या तर चूक झाली असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. तसा माणूस न मिळाल्याने मास्तरांनी सहा वर्षं निळ्यानेच शिवलं. पांढऱ्या कापडावर प्रत्येक टाका उठून दिसे. चांगल्या शिंप्याचं काम दिसता कामा नये, असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. त्यामुळे प्रत्येक घडी ते निळी बाजू आत करून घालत.

मग भांडाराला नवे साहेब आले. त्यांना निळा रंग दिसला. ठिगळं लावलेले कपडे इस्पितळाला शोभत नाहीत, असं त्यांनी एका पानात लिहिलं: निळ्या टाक्याचे सगळे गाऊन धुलाईला येतील तसे बाजूला काढून टाकावेत, यापुढे एकदा वापरून फेकायचे घ्यावेत, शिवणखोली महिनाअखेर बंद करावी आणि शिंप्याला फाटकावर भेटीचे पास तपासायला बसवावं.

मास्तरांनी घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. फाटकावर निदान ऊन लागेल, ती म्हणाली, तळघरात राहून तुम्हाला कोंब फुटायची वेळ आली होती. मग तिचं लक्ष त्यांच्या सदऱ्याकडे गेलं. वरून दुसरं बटण तीन आठवडे गायब होतं. दिव्याखाली अंधार, असं ती रोजच्याप्रमाणे म्हणाली. मास्तर हसले. रात्री जेवण नेहमीएवढंच गेलं. फाटकाचं त्यांना दुःख नव्हतं. इतक्या वर्षांचं काम पोत्यांत भरून टाकून देताना वर एकालाही काही वाटणार नाही, हे त्यांना आधीच कळून चुकलं होतं आणि तेच गिळवत नव्हतं.

पण पोती भरेनात. पहिल्या दिवशी अकरा निळे गाऊन आले, दुसऱ्या दिवशी चार, नंतर एकही नाही. साहेबांच्या यादीप्रमाणे सहाशे असायला हवे होते. कापड स्वतःहून नाहीसं होत नाही, असा साहेबांचा अनुभव होता. टाका ओळखायला हवा म्हणून त्यांनी मास्तरांना बरोबर घेतलं आणि दोघे वर निघाले.

तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात कपाट उघडलं, तर चादरींच्या मागे निळ्या टाक्यांच्या घड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर, ज्यांना डॉक्टरसुद्धा वचकून असत, टेबलाशी बसून लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"खाली गेले की परत येत नाहीत म्हणून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या मजल्यांवर ठेवलेत. शोधायचे कष्ट घेऊ नका."

साहेबांनी आदेशाची आठवण करून दिली.

"वाचलाय. ऑपरेशनला नेताना ज्यांचा धीर सुटतो त्यांना आम्ही हेच घालतो. गाठ टोचत नाही, मागे उघडं पडत नाही. निळ्या टाक्याचा आहे, घाबरू नका, असं सांगतो. का ते आम्हालाही माहीत नाही, पण घाबरत नाहीत. शिवणारा कोण आहे तेवढं मात्र मला बघायचंय."

साहेबांनी जरा बाजूला होऊन मागे बोट दाखवलं.

मोठ्या सिस्टर उठल्या. वॉर्डात खुर्ची एकच होती आणि ती साहेबांनाही कधी मिळाली नव्हती. ती त्यांनी मास्तरांपुढे सरकवली.

"बसा, मास्तर. चौथा बंद कसा सुचला?"

मास्तरांनी व्हरांड्याची गोष्ट सांगितली, एक हात मागे धरून दाखवलासुद्धा. पलंगावरची एक म्हातारी इतकी हसली की तिला पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवावा लागला. साहेब उभेच होते. मग सिस्टरांची नजर सदऱ्यावर गेली. हलू नका, म्हणाल्या, आणि खणातून सुईदोरा आणि एक बटण काढून त्यांनी उभ्याउभ्याच ते लावलं. बावीस वर्षांत मास्तरांना कुणी काही शिवून दिलं नव्हतं. ते श्वास रोखून बसले, टोचेल म्हणून नव्हे.

दिलेला आदेश साहेब मागे घेत नसत, म्हणून त्यांनी दुसरा काढला. निळ्या टाक्याचे गाऊन यापुढे 'विशेष वापरासाठी' आणि शिवणखोली 'पुढील सूचना येईपर्यंत' चालू. सूचना येण्याचा तिथला वेग पाहता मास्तरांची निवृत्तीपर्यंतची सोय झाली. त्यांना पांढरा दोरा मंजूर झाला होता. मास्तरांनी नोकरीतलं पहिलं मागणीपत्र लिहिलं आणि निळाच मागवला. त्या दिवसापासून घडीची निळी बाजू बाहेर आली.

संध्याकाळी बायकोने सदरा उजेडात धरला.

"हे कुणी लावलं? तुमचा टाका नाही हा."

"मोठ्या सिस्टरांनी."

"वाकडं लावलंय. काढा, नीट लावून घ्या."

"राहू दे," मास्तर म्हणाले.