पोचल्याची खबर

त्या शहराचे नाव मी इथे लिहिणार नाही. उत्तर इंग्लंडात आहे, एवढे पुरे. न लिहिण्याचे कारण पुढे येईलच.

माझी सगळी नोकरी रेल्वेत झाली. स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो आणि पांढुर्ण्यात घर केले. आमच्या कामाचा पाया एका नियमावर होता. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. ती पुढच्या स्टेशनावर शेवटच्या डब्यासह पोचली, अशी खबर येईपर्यंत रूळ मोकळा मानायचा नाही. खबर आली नाही, तर गाडी मध्येच कुठेतरी आहे आणि धोक्यात आहे, असे समजायचे. वेळ फार झाला, तर शोधायला माणूस पाठवायचा. या नियमाने माझ्या हातून कधी कोणाचा जीव गेला नाही.

माझा मुलगा एका संध्याकाळी जवळच्या सौंसरहून मोटरसायकलवर निघाला आणि घरी पोचला नाही. त्याची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. त्यानंतर घरातले कोणीही उंबऱ्याबाहेर गेले की पोचल्याची खबर द्यायची, असा दंडक मी घातला. सून शाळेत शिक्षिका आहे. तीही शाळेत पोचली की फोन करते. सुरुवातीला एकदा म्हणाली होती, "मामाजी, मी काही मालगाडी नाही." पण फोन करते.

ती सहा वर्षांची नात पुढे नागपूरला समाजकार्य शिकायला गेली. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिची एका परदेशी संस्थेत आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी निवड झाली. नवऱ्याच्या किंवा सासरच्या मारहाणीतून पळालेल्या बायकांना ही संस्था आसरा देते, त्यांचे अनुभव नोंदवते आणि कायदे कसे असावेत याविषयी तिथल्या सरकारला अहवाल देते. आपल्याकडून लग्न होऊन तिकडे गेलेल्या बायका तिथे बऱ्याच असतात. त्यांच्याशी हिंदीत बोलणारे कोणी संस्थेला हवे होते.

संस्थेचे कार्यालय शहरात उघड जागी होते. बायका राहतात ते घर मात्र गुप्त होते. त्याचा पत्ता कोणालाही, आईवडिलांनासुद्धा, सांगणार नाही, असे नातीने लिहून दिले होते. हे तिने मला स्वतः सांगितले.

मी विचारले, मग तू तिथे पोचलीस हे मला कसे कळणार? कार्यालयात पोचले की कळवीन, असे ती म्हणाली. कार्यालय आणि ते घर ही दोन वेगळी स्टेशने आहेत, असे मी म्हणालो. दोन दिवस आमचे बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी सुनेने मध्यस्थी केली. "करून टाक चालू. तुझे आबाजी इथून एवढ्या दूर कोणाला सांगणार आहेत?" नातीने मान खाली घालून मोबाइलमधले ते लोकेशन माझ्यासाठी चालू केले. ती तिथे जिथे जाईल, तिथे नकाशावर एक निळा ठिपका मला इथे दिसू लागला.

माझ्यासाठी तिने शब्द मोडला. हे मला त्याच वेळी समजले होते. मी तिला अडवले नाही.

पहिले तीन आठवडे सुरळीत गेले. तिचे सकाळचे नऊ म्हणजे आपली दुपारची दीड. दीडला संदेश येई. कधी 'अप गाडी पोचली', कधी 'मास्तर, सिग्नल द्या', असे काहीतरी. त्या गुप्त घरात आत शिरताना दाराशीच एका खणात मोबाइल ठेवावा लागे. म्हणून तिथे जायच्या दिवशी ती बाहेरूनच 'पोचले' लिही आणि मग आत जाई. मी 'ठीक' असे उत्तर देई. त्यानंतर मी जेवत असे. त्याआधी घास उतरत नसे. याचा मी कोणाजवळ उच्चार केला नाही.

जूनमधला एक दिवस. दीड वाजला. संदेश नाही. ठिपका त्या घरावर होता.

पावणेदोनला मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. दोन वाजता पुन्हा. सवादोनला पुन्हा. ठिपका हलला नव्हता. कार्यालयाचा क्रमांक तिने लिहून दिला होता, तो लावला. एका यंत्राने इंग्रजीत बरेच काही सांगितले आणि एक बटण दाबायला सांगितले. मी दाबले. तेच यंत्र पुन्हा बोलू लागले. थोडा धीर धरला असता तर पुढे माणूस बोलला असता. मी फोन ठेवला.

त्या घरातल्या बायकांना कोणापासून लपवले आहे, हे मला माहीत होते. ते लोक आज पोचले असतील, हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि निघाला नाही. बाहेर त्रेचाळीस अंश होते. सून म्हणाली, मोबाइलची बॅटरी उतरली असेल, तासभर थांबा. मी चपला घातल्या.

बाजाराच्या मागे संत्र्याच्या एका व्यापाऱ्याचे गोदाम आहे. तो मूळचा मोहगावचा. त्याचा भाचा त्याच शहरात नोकरीला आहे, हे नात जायच्या वेळी त्यानेच मला सांगितले होते. जूनमध्ये माल नसतो. रिकाम्या क्रेटांच्या थप्प्यांमध्ये तो पंख्याखाली बसला होता.

"रामराम मास्तर. एवढ्या उन्हात कोणती गाडी पकडून राहिले?"

मी जय भीम म्हणालो आणि हकीकत सांगितली. पोट्टी कामाला गेली, कामात असेल, गाडी लेट झाली म्हणून मास्तरने रुळावर झोपायचे का, असे काहीबाही तो बोलला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

"बसा आधी. टेन्शन नका घेऊ. आपला माणूस हाये ना तिथं."

आपला माणूस. आमच्या भागात याहून मोठा दिलासा नाही. पुण्यात, बंगलोरला, दुबईत, कुठेही आपले कोणी अडले की तिथे राहणारा सौंसरचा, बोरगावचा, लोधीखेड्याचा कोणीतरी शोधून काढायचा आणि त्याला पाठवायचे. तो जातोच. जात, ओळख काही विचारत नाही. मीही आयुष्यात असा कितीदा तरी गेलो आहे.

भाच्याला त्या दिवशी सुट्टी होती. मी ठिपका व्यापाऱ्याला पाठवला, त्याने भाच्याला. मग फोनवर त्याने बजावले, "खाली हातानं नको जाऊ. लेकीच्या घरी जाऊन राहिला तू. मिठाई घेऊन जाय."

त्या क्षणी मला बरे वाटले. शोधायला माणूस निघाला होता. हे बरे वाटणे मी इथे मुद्दाम नोंदवतो आहे.

पाऊण तास गेला. व्यापाऱ्याने चहा मागवला, तो तसाच राहिला. मग भाच्याचा फोन आला. व्यापाऱ्याने तो मोठ्या आवाजावर ठेवला. भाचा म्हणत होता की दार कोणी उघडत नाही. इंडियातून आलो, घरून पाठवले आहे, असे हिंदीत दोनदा ओरडून सांगितले. वरच्या खिडकीचा पडदा हलला. आणि तो बोलत असतानाच दाराआडून एका बाईची किंकाळी ऐकू आली.

ती किंकाळी मी माझ्या नातीची समजलो.

"त्याला मागच्या दाराने जायला सांगा," मी म्हणालो. शब्द माझे आहेत. व्यापाऱ्याने फक्त ते पुढे पोचवले. भाच्याच्या धावण्याचा आवाज आला, एक फाटक वाजले, आणि फोन कटला.

पुढची पंचवीस मिनिटे मला सलग आठवत नाहीत. पंखा आठवतो. व्यापारी पुन्हा पुन्हा फोन लावत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता, ते आठवते. मुलाच्या वेळी मी असाच एका खुर्चीवर बसलो होतो. त्या वेळीही समोरचा माणूस माझ्याकडे पाहत नव्हता.

मग माझाच मोबाइल वाजला. परदेशातला अनोळखी क्रमांक.

"आबाजी, मी ऑफिसात आहो. मला काही झालं नाही."

मी क्रेटवर बसलो. ती थांबली नाही.

"पत्ता कोणाकोणाला दिला तुम्ही?"

मी विचारले, तू कुठे होतीस. तिने तोच प्रश्न पुन्हा केला. आवाज शांत होता, पण मला ओळखू येत नव्हता. मी सांगितले: एका व्यापाऱ्याला, त्याने भाच्याला.

"भाच्यानं पुढं कोणाला पाठवला?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. चौकशीत असे उत्तर देणाऱ्या कनिष्ठांना मी पूर्वी कडक शेरे मारले आहेत.

घडले होते ते असे. त्या सकाळी ती काही कागद द्यायला घाईने त्या घरी गेली. संदेश लिहायचा राहिला. मोबाइल खणात ठेवला, कागद दिले आणि तो न घेताच चालत कार्यालयात गेली. तिथे गेल्यावर लक्षात आले. दुपारी जाऊन आणू, असे तिने ठरवले. मी तीन वेळा फोन लावला, तो त्या बंद खणात वाजत होता. ज्या घरासाठी मी जीव मुठीत धरून बसलो होतो, त्या घरात ती नव्हतीच.

बाकीचे तिने दुसऱ्या दिवशी सुनेला सांगितले, मला नाही. त्या घरात आपल्याच देशातली एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन राहत होती. याआधी ती दुसऱ्या गावी लपली होती. तिथे तिच्या सासरच्यांनी तिकडे राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पाठवले. तो चांगल्या कपड्यांत आला होता, हिंदीत बोलला, घरून पाठवले आहे म्हणाला. त्याच्याही हातात मिठाईचा डबा होता. त्याच्या मागून दोन दिवसांनी नवरा आला.

या वेळी भाच्याचा आवाज ऐकताच ती किंचाळली, तिने मुलीला उचलले आणि ती मागच्या दाराने पळाली. फाटकापाशी तो समोर उभा. हातात डबा.

ती तिथेच खाली बसली आणि मुलीच्या अंगावर वाकली, असे भाच्याने नंतर व्यापाऱ्याला सांगितले. तो बिचारा "ताई, ताई" म्हणत मागे सरकत गेला. त्याने माझ्या नातीचे नाव घेतल्यावर कार्यालयात फोन गेला, आणि पोलिसांनी त्याला दोन तास बसवून ठेवले. त्याचा काही दोष नव्हता.

मला वाटलेली भीती खरी होती. ती मी उचलून त्या बाईच्या दारात नेऊन ठेवली.

त्याच संध्याकाळी बाईला आणि मुलीला दुसऱ्या गावी हलवले. आठवडाभरात ते घर रिकामे केले. आणखी चार बायका तिथे होत्या. नातीने लोकेशन चालू ठेवल्याचे संस्थेला आपण होऊन सांगितले. तिला परत पाठवायचे की नाही, याचा निर्णय दोन दिवसांनी व्हायचा होता. मी एका पानाचा इंग्रजी जबाब लिहिला, रेल्वेतल्या पद्धतीने. दोष सर्वस्वी माझा, मुलीवर पालकाचा दबाव होता, खाली सही. फोटो काढून तिला पाठवला आणि तो वरिष्ठांना द्यावा असे सांगितले.

तिने दिला नाही. फोन करून म्हणाली, "सही माझी होती, आबाजी. तुमची नाही."

संस्थेने तिला ठेवले, पण बायकांना भेटायचे काम काढून घेतले. उरलेले आठवडे तिने कार्यालयात टेबलावर काढले. पुढे येणाऱ्या आमच्यासारख्या घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापत्र लिहायचे काम तिच्याकडे दिले. ते मी वाचले आहे. त्यात एक वाक्य आहे: तुमच्या घरचे काळजीपोटी ओळखीचा माणूस पाठवतील, हे आधीच गृहीत धरा आणि त्यांना ते निघण्यापूर्वी समजावून सांगा. तिथे आजोबांचा उल्लेख नाही. तिने तो करायला हरकत नव्हती.

ती परत आली, तिने शिक्षण पुरे केले. आता भोपाळला अशाच कामात आहे. लोकेशन बंद आहे. मी ते चालू कर म्हटलेले नाही. दुपारी दीडला मी जेवायला बसतो. काही दिवस जेवण होते, काही दिवस ताट तसेच झाकून ठेवतो. सून संध्याकाळी ते उचलते. व्यापारी भेटला की रामराम करतो. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

मागच्या महिन्यात मी नातीला फोनवर विचारले, ती बाई आणि ती मुलगी दुसऱ्या गावी नीट पोचल्या का.

"ते मलाही सांगत नाहीत, आबाजी. कोणालाच सांगत नाहीत."

मी 'ठीक' म्हणालो आणि फोन ठेवला.