लॉगआउटराव

कंपनीच्या मासिकात माझ्या नवऱ्याचा फोटो छापून आलाय. मान जरा तिरकी, हात छातीवर बांधलेले, मागे निळा उजेड. खाली लिहिलंय, ‘ज्यांच्यामुळे आपली सकाळ सुरू होते, ते आपले नवे मुख्य व्यवस्थापक.’ अर्ध्या पानात आयुष्य बसवलंय. शिक्षण, अनुभव, आणि छंद म्हणून वाचन. वाचन! या माणसाने लग्नानंतर औषधाच्या खोक्यावरची तारीख सोडून काही वाचलेलं मी पाहिलेलं नाही. तर त्यांनी गाळलेलं मी लिहिते. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, इथे करणार नाही.

आधी त्याचं काम सांगते, कारण ते काढून घेतलं तर त्याच्यात सांगण्यासारखं फारसं उरत नाही. कंपनी विम्याची. गाड्या आपटतात, घरं जळतात, लोक भरपाई मागतात आणि कंपनीतली माणसं फोटो बघून ती कशी नाकारता येईल ते ठरवतात. निम्मी माणसं कचेरीत, निम्मी घरून काम करतात. प्रत्येकापुढे कॉम्प्युटर असतो, पण तो नुसता बघायला. खरं काम चालतं भलतीकडेच, एका मोठ्या मशीनवर. तिला होस्ट म्हणतात. एका होस्टवर पंधरावीस जण बसलेले असतात, एकमेकांना न दिसता. काही होस्ट कंपनीच्या तळघरात आहेत, जुने, धापा टाकणारे. काही क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, भाड्याने घेतलेले, नवे आणि चपळ. कोणाला तळघरात बसवायचं, कोणाला क्लाउडवर, सकाळी किती होस्ट उठवायचे, संध्याकाळी किती झोपवायचे, हे माझा नवरा ठरवतो. आमच्या बेडरूममध्ये बसून. कपाट आडवं लावून त्याने मागे कोपरा केलाय. तिथे टेबल, दोन स्क्रीन आणि एक फिरती खुर्ची, जी किरकिरते आणि जिला तेल घालायला त्याला वेळ नाही.

होस्टवर एक जरी माणूस बसलेला असला तरी तो झोपवता येत नाही. नवऱ्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख हे. लोक काम संपलं की वरची फुली दाबतात आणि उठतात. म्हणजे खोलीतून बाहेर पडायचं, पण दिवा, पंखा चालू ठेवून, किल्ली खिशात टाकून. रीतसर लॉगआउट करायला हवं. त्यावरून त्याने किती पत्रकं काढली असतील! ‘कृपया’ने सुरू झालेली आणि ‘अन्यथा’ने संपलेली. शेवटी त्याने नियमच केला. दोन तास कोणी काही केलं नाही की त्याला होस्टच बाहेर फेकणार, काम जपून ठेवलेलं असो नसो. कचेरीत त्याला लॉगआउटराव म्हणायला लागले. त्याला ते आवडलं. आडनावापेक्षा जास्त आवडलं असेल.

हिशेबखात्यात एक बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्या एकदा काम अर्धवट ठेवून नातीच्या शाळेत गेल्या. परत आल्या तर सगळं पुसलेलं. त्यांनी फोन केला तेव्हा मी कपाटाच्या अलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. फोन स्पीकरवर होता. बाई रडत होत्या. सकाळपासूनचं सगळं काम होतं म्हणाल्या, एकदा काही करता येतं का बघा. नवरा म्हणाला, “बाई, नियम मी तुमच्यासाठी बदलला तर सगळ्यांसाठी बदलावा लागेल.” जेवताना त्याने त्यांची नक्कल केली. नाक ओढत, “एकदा बघा ना हो, एकदा बघा ना.” मला हसू आलं नाही, पण तो चांगली नक्कल करतो, हेही खरं.

आता ज्याच्यासाठी नियम बदलला त्याच्याबद्दल.

माझा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात, आता डोकं पांढरं झालं तरी. दोन नोकऱ्या त्याच्या हातून गेल्या, कारण आमच्या बाबांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांना सोडून तो बाहेर जाऊ शकेना. मी एकुलती बहीण, पण माझ्या घरी बाबांना ठेवायचा विषय निघाला की नवऱ्याच्या पाठीत कळ यायची. मग त्यानेच बारक्याला कंपनीतली घरून करायची जागा दाखवली. फोटो बघून दावे तपासायचे. एकच अट घातली, आपलं नातं कचेरीत कोणाला कळता कामा नये. बारक्याने ती अगदी इमानाने पाळली. मीटिंगमध्ये समोरासमोर आले तरी तो माझ्या नवऱ्याला ‘सर’ म्हणायचा आणि रात्री मला फोन करून, “ताई, आज दाजींना सर म्हटलं!” असं म्हणून खिदळायचा.

इथवर मी नवऱ्याला नावं ठेवणार नाही. त्याने आणखी एक उपकार केला. बारक्या तळघरातल्या होस्टवर होता. सकाळी सगळं उघडायला एवढा वेळ लागायचा की तोवर बाबा हाक मारायचे. उठायचं, त्यांना उचलायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची, भरवायचं, झोप लागेपर्यंत जवळ बसायचं, दोन तास कुठे गेले कळायचं नाही. परत यावं तर होस्टने बाहेर फेकलेलं, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका सुट्टीच्या दिवशी बारक्या माझ्यासमोर हे सांगताना रडकुंडीला आला. नवऱ्याने ते ऐकलं. त्याच संध्याकाळी त्याने क्लाउडवर एक छोटा होस्ट वेगळा काढला, त्याला ‘चाचणी’ असं नाव दिलं, दोन तासांचा नियम त्याला लावला नाही आणि बारक्याला एकट्याला तिथे नेऊन बसवलं. फोन करून सांगितलं, “कधीच लॉगआउट करू नकोस. नुसतं बंद करून उठत जा. परत येशील तेव्हा जसं ठेवलंस तसंच मिळेल.” त्या दिवशी मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी खुर्चीला तेल घातलं.

मुख्य व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली तसा नवरा झपाटला. साहेबांना काहीतरी दाखवायचं होतं. मग त्याने एक फलक बनवला. स्क्रीनवर एकाखाली एक माणसं, काम चालू असलेली हिरवी, हात थांबलेली पिवळी, आणि फार वेळ थांबलेली लाल, सगळ्यात वर. किती दिवस त्यावर खपत होता. रंग मला दाखवायचा. “हा लाल जरा भडक होतोय का गं?” मी म्हटलं, “असू दे, दिसतो तरी.”

ज्या दुपारी साहेबांना फलक दाखवायचा होता त्या दुपारी मी कपाटाच्या अलीकडे पलंगावरची चादर बदलत होते. साहेबांचा आवाज घरभर येतो, कॉम्प्युटरवरून बोलतायत की दारात उभं राहून ओरडतायत तेच कळत नाही. नवरा मधाळ आवाजात समजावत होता. साहेब खूश होते. “वा,” म्हणाले, “आता कळेल कोण खुर्च्या उबवतंय ते.” आणि मग म्हणाले, “हा सगळ्यात वर कोण?”

खुर्ची किरकिरली.

बघा, बाकी सगळ्यांना होस्ट दोन तासांनी बाहेर फेकत होता. त्यामुळे कोणाचाही रिकामा वेळ दोन तासांपुढे जाऊच शकत नव्हता. नियम लागू नव्हता तो एकाच माणसाला. रात्रभर बंद करून झोपलेला, दिवसा बाबांसाठी दहा वेळा उठलेला बारक्या, सगळा वेळ साठून साठून, फलकाच्या डोक्यावर लालभडक होऊन बसला होता. हे बनवणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण तो रंग बघत होता.

“हा तर काहीच करत नाही,” साहेब म्हणाले. “इतक्या जणांचा मिळून होत नाही तेवढा रिकामा वेळ याचा एकट्याचा. दाव्यांमधला आहे का? तिथली माणसं कमी करायचीच आहेत. सुरुवात याच्यापासून करू.”

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, तो रिकामा नाही, मीच त्याला तसं सांगितलंय. मी चादर हातात घेऊन कपाटाला वळसा घातला आणि त्याच्यासमोर, कॅमेऱ्यात येणार नाही अशी उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसते ओठ हलवले, “सांगा.”

“तुझ्या ओळखीचा आहे का रे?” साहेबांनी विचारलं.

“नाही सर,” नवरा म्हणाला. मग माझ्याकडे बघत, “म्हणजे, लांबचा.”

“मग बरं. एचआरला मी सांगतो. आज संध्याकाळीच बंद कर त्याला. तुझा फलक छान आहे. वरच्यांना दाखवू.”

मीटिंग संपली. मी चादर त्याच्या अंगावर फेकली. माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. मी विचारलं, बाबांना आता कोण बघणार, हा घराबाहेर कसा पडणार, आणि लांबचा म्हणजे किती लांबचा, माझ्या आईच्या पोटातून किती लांब? त्याने चादर बाजूला ठेवली. मग शहाण्यासारखं बोलायला लागला. “मी सांगितलं असतं तर दोघंही गेलो असतो. नियम माझा, मीच मोडला, तोही मेव्हण्यासाठी. हिशेबखात्यातल्या बाई मला फाडून खातील. ही जागा मिळू दे, मग त्याचं कुठेतरी बघतो.” मी म्हटलं, “आत्ता साहेबांना कळवा. फोन करायला जीभ वळत नसेल तर लिहा.” शेवटी तो म्हणाला, “लिहितो. तू जा आता.”

मी गेले नाही. मागे उभी राहून बघत होते. त्याने लिहिलं, ‘सर, मघाच्या माणसाबद्दल एक खुलासा.’ पुसलं. ‘सर, तांत्रिक कारणाने.’ पुसलं. मग मला म्हणाला, “अशी मानेवर बसलीस तर शब्द कसे सुचणार?” मला वाटलं, लिहितोय, लिहिणार. बारक्याला उगीच कशाला घाबरवायचं म्हणून मी त्याला फोन केला नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच परत.

दिवस कलायला लागला तेव्हा माझा फोन वाजला. बारक्या.

“ताई, दाजी आहेत का गं घरी? माझा फोन उचलत नाहीयेत. स्क्रीनवर लाल पट्टी आलीय. थोड्या वेळात बंद होईल, लॉगआउट करा म्हणतेय.”

मी फोन कानाला लावून बेडरूममध्ये गेले. नवरा कपाटाच्या मागे बसलेला होता. त्याचा फोन टेबलावर पालथा पडला होता. स्क्रीनवर ‘चाचणी’ होस्ट उघडलेला, त्याच्यासमोर एकाचा आकडा, म्हणजे बारक्या अजून बसलेला. साहेबांना लिहायची चौकट कोरी होती. त्याने मला बघून हात हलवला. नाही म्हणून सांग.

मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्या टेबलावर ठेवला. “इथेच आहेत,” मी म्हटलं. “बोल.”

“दाजी!” बारक्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा आवाज आला. “अहो, हे काय आलंय बघा ना. मी काही केलेलं नाही हं. तुम्ही सांगितल्यापासून एकदाही लॉगआउट केलं नाही. शपथ.” मागून बाबांची हाक ऐकू आली, अर्ध्या तोंडाने मारतात तशी. “आलो बाबा, आलो! दाजी, सांगा पटकन. आता काय करू?”

नवऱ्याच्या बोटाखाली माउस होता. त्याला स्वतःलाही बारक्याला बाहेर काढता आलं असतं. एक बटण, आणि त्याखाली ‘नक्की काढायचं का?’ असा प्रश्न येतो, त्याला हो म्हणायचं. तेवढं त्याच्याने होत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत उभी होते.

“कर लॉगआउट,” तो म्हणाला.

“करू? नक्की?”

“हो. आधी काम जपून ठेव. मग कर.”

“आणि सकाळी परत उघडेल ना?”

“उघडेल,” तो म्हणाला.

“थांबा हं. ठेवलं जपून. हं, झालं. केलं बघा.” बारक्या हसला. “पहिल्यांदाच केलं. थँक्यू दाजी. तुम्ही होतात म्हणून. बाबांना बघतो, बोलू नंतर.”

फोन बंद झाला. स्क्रीनवर एकाचा शून्य झाला. नवऱ्याने होस्ट झोपवला, मग तो काढूनच टाकला, नावासकट. खुर्ची मागे सरकवली. माझ्याकडे न बघता चष्मा पुसला.

“बरं झालं त्याने स्वतःच केलं,” तो म्हणाला. “मी त्याला काढलं असतं तर त्याचं अर्धवट काम गेलं असतं.”