व्हर्नलचा चौथा डॅशबोर्ड

घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी माणसं विस्कॉन्सिनमध्ये पैशाला पासरी मिळतील. पण विमान तयार करून ते न उडवणारा एकटा व्हर्नल हॉगन. जन्मभर दुधाचा टँकर चालवला आणि निवृत्त झाल्यावर हे खूळ घेतलं.

पंख झाले, इंजिन बसलं, रंगसुद्धा झाला. घोडं अडलं ते डॅशबोर्डापाशी. आधी वेग, उंची दाखवणारी काट्यांची गोल घड्याळं लावली. मग बाजारात स्क्रीन आले, की उपट घड्याळं. मग मोठे स्क्रीन आले, मग बोटानं चालणारे. दर वेळी नवा पत्रा कापायचा आणि वायरींचं जंजाळ सोडवून पुन्हा ओवायचं. बायको आर्डिस शेजारी बॅटरीचा उजेड धरून. गॅरेजात थंडीनं नाक गळायचं, तरी बाई जेवणं आटोपली की कोट चढवून हजर!

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरनं बजावलं, उडायचं तर या उन्हाळ्यात उडा, पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? आणखी एक स्क्रीन मागवला.

आर्डिसचं डोकंच फिरलं. "हा कशाला आता?"

"इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं ते दाखवतो."

"आधी वर तर जा. घाबरलायस का? खरं सांग."

व्हर्नल खोक्याची चिकटपट्टी नखानं उकरत राहिला. "उडायला नाही गं. पण एकदा उडालं की विमान जाणार धावपट्टीजवळच्या शेडमध्ये. मग तू कशाला येशील इथे? जन्मभर मी पहाटे टँकर घेऊन जायचो, संध्याकाळी पेंगायचो. आपण धड बोललो ते या गॅरेजातच."

आर्डिसला रडूच फुटलं, कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"वेडा आहेस. मला काय वायरींचा सोस होता?" ती म्हणाली, आणि खोका तिनं स्वतः परत पाठवला.

जुलैत, तिथल्या भर उन्हाळ्यात, व्हर्नल उडाला. पहिलं उड्डाण एकट्यानंच करायचं असतं, म्हणून आर्डिस कुंपणापाशी जीव मुठीत धरून उभी. दोन उड्या मारत विमान टेकलं. म्हातारा खाली उतरला, हसत होता, पण नजर शेडकडे गेली तसा चेहरा पडला.

आर्डिसनं त्याचा हात धरला. "चल घरी. गॅरेज झाडून दोन खुर्च्या मांडून आलेय. हीटरही लावलाय."

"जुलैत हीटर?"

"रात्री गार पडतं," ती म्हणाली. "आणि आपल्याला बोलता बोलता उशीर होणार आहे."