खारूताईची सकाळची गोळी

लेकीच्या पलंगावर तिसरी उशी दिसली आणि आईच्या काळजात धस्स झालं. आडवं पडलं की दम लागतो, हे लेक तोंडाने कबूल करणार नाही. उशा मात्र चहाडी करत होत्या. चार दिवसांपूर्वी एक होती, मग दोन, आज तीन. सकाळपासून आईचं कशातच लक्ष लागेना.

लहानपणी ही पोरगी खिडकीचे गज, माळा, जे दिसेल त्याला लटकायची, म्हणून घरात तिचं नाव खारूताई. मोठी होऊन खारूताई लिफ्ट दुरुस्त करायला लागली. नोकरीला घेताना साहेबांनी विचारलं, "उंचीची भीती?" ही म्हणाली, "आईला आहे, मला नाही." कंपनीच्या कारागिरांत ती एकटीच बाई. लिफ्टचा दोर किती ताणलाय, हे नुसत्या तळहाताने ओळखायची. वर म्हणायची, "बंद लिफ्टपाशी जायला लिफ्ट नसते. दुनिया माझ्यामुळे वर जाते, मी आपली जिन्याने!"

त्याच जिन्यांनी गेल्या वर्षी दुखणं उघडं पाडलं. पाचव्या मजल्यावर धाप, सातव्यावर डोळ्यांपुढे अंधारी. तपासण्या झाल्या. हृदय रक्त चांगलं ढकलतंय, असं रिपोर्टात वाचून आईच्या जिवात जीव आला, तोच डॉक्टरीणबाईंनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ढकलण्यात काही उणं नाही. अडचण सैल होण्याची आहे. हिच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. प्रत्येक ठोक्याला स्नायूच्या पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर येतं, तेव्हा तो आवळतो. ते परत कोठारात गेलं की सैल होतो. हिच्यात ते परत जायला वेळ लागतो. स्नायू पुरता सैल व्हायच्या आत पुढचा ठोका दारात उभा! मग हृदय नीट भरत नाही, मागे फुफ्फुसांत दाब वाढतो आणि धाप लागते."

"मग दूध बंद करू का हिचं?"

खारूताई खो खो हसली. "आई, तू पदवीधर ना गं?"

डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. "खाण्यातल्या कॅल्शियमचा इथे संबंध नाही. दूध पिऊ दे. ही गोळी मात्र चुकवायची नाही, मनाने बंद तर मुळीच करायची नाही. ती ठोके संथ करते, म्हणजे हृदयाला भरायला सवड मिळते."

गोळ्या आईच्या ताब्यात राहिल्या. रोज सकाळी चहाच्या बशीत ती तीन गोळ्या मांडायची आणि खारूताई बुटांच्या नाड्या बांधता बांधता गिळून टाकायची. कोणत्या, किती, कधी पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात लेक झोपलेली असताना आईने तिचं मनगट धरून ठोके मोजले. मिनिटाला बावन्न. पुन्हा मोजले, तरी बावन्न. पोरीचं काळीज थांबत तर चाललं नाही? डॉक्टरीणबाईंना विचारावंसं वाटलं, पण दुधासारखं पुन्हा हसं व्हायचं. दुसऱ्या दिवसापासून तिने ठोके संथ करणारी ती एक गोळी बशीत ठेवलीच नाही. तिसऱ्या दिवशी ठोके सत्तरच्या पुढे गेले, तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं!

आज पाचवा दिवस. दुपारीच उस्ताद, म्हणजे तिचा जुना जोडीदार कारागीर, खारूताईला दंडाला धरून घरी घेऊन आला.

"वहिनी, ही आज तिसऱ्या मजल्यावरच बसली. हातात पाना आणि तोंड पांढरंफटक."

"उस्ताद, चुगल्या नकोत," खारूताई खुर्चीत टेकत म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला थांबावं लागलं.

"तू गप गं! दोर झिजला तर बदलून टाकीन, तुला कुठून बदलून आणू? गोळ्या तरी घेतेस का?"

"घेते की. आई बशीत मांडते. घड्याळ चुकेल, आमची आई नाही चुकायची."

उस्ताद गेला तसं आईने लेकीचं मनगट धरलं. बसल्या बसल्या एकशे बारा. आता कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. ज्या ठोक्यांनी तिला हायसं वाटलं, तेच हृदयाची सवड खात होते.

उद्यापासून गोळी गुपचूप बशीत ठेवली, तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. पण पाच दिवस बंद असलेली गोळी तशीच सुरू करायची? किती? आणि उद्यापर्यंत थांबायचं? म्हणजे पुन्हा आपल्याच मनाने! लेक यापुढे आपल्या हातचं पाणी तरी विश्वासाने पिईल का? तिने फोन उचलला आणि गॅलरीकडे निघाली.

"कुणाला लावतेस?"

"डॉक्टरीणबाईंना."

"बरी आहे गं मी. बसले की होतं ठीक."

आई दारातून मागे फिरली.

"तू बरी नाहीस. आणि ते माझ्यामुळे," ती म्हणाली, लेकीच्या समोर स्टूल ओढून बसली आणि तिला ऐकू जाईल असा फोन लावला.